‘दाकु वेबु’ आणि ‘यामि साइतो’

जपानी मालिकांत ऐकू येणारा ‘दाकु वेबु’ हा शब्द मूळचा जपानी आहे का, आणि तिथल्या बातम्यांतला ‘यामि साइतो’ म्हणजे तेच का, असे एका वाचकाने विचारले आहे.

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. ‘दाकु वेबु’ म्हणजे इंग्रजीतला ‘डार्क वेब’च, नेहमीच्या ब्राउझरने न उघडणारा इंटरनेटचा लपलेला भाग. अशा परभाषेतून आलेल्या शब्दांना जपानीत ‘गाइराइगो’ म्हणतात आणि ते काताकाना लिपीत लिहितात. अनुनासिक सोडले तर जपानी शब्दाच्या शेवटी व्यंजन येत नाही, त्यामुळे क् आणि ब् या दोघांनाही उकाराचा आधार द्यावा लागतो. ‘र्’ गळून पडतो आणि त्याच्या जागी लांबलेला ‘आ’ आडव्या रेघेने दाखवला जातो. खरी गंमत ‘वे’ची आहे. जपानीतला जुना ‘वे’ शेकडो वर्षांपूर्वीच ‘ए’मध्ये मिसळून गेल्याने हा उच्चार लिहायला प्रचारातले अक्षरच उरले नव्हते. म्हणून ‘उ’च्या अक्षराला अगदी लहान आकाराचा ‘ए’ जोडतात, आणि परकीय शब्दांच्या लेखनाविषयीच्या १९९१ च्या सरकारी नियमांतही ही जोडणी दिलेली आहे. ‘बॅट’ आणि ‘डॉक्टर’ यांच्यासाठी आपण अर्धचंद्र स्वीकारला, तशीच ही सोय आहे.

‘यामि साइतो’ची गोष्ट निराळी आहे. त्यातला ‘साइतो’ म्हणजे इंग्रजी ‘साइट’ (संकेतस्थळ) असला तरी ‘यामि’ अस्सल जपानी असून त्याचा अर्थ ‘काळोख’ असा होतो. त्याचे चित्राक्षर पाहिले तर दाराच्या चौकटीत ‘आवाज’ या अर्थाचे चिन्ह बसवलेले दिसते. दार अर्थासाठी आणि आतले चिन्ह उच्चारासाठी. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत जागोजागी भरणाऱ्या काळ्या बाजाराला ‘यामिइचि’ म्हणत, आणि तेव्हाचा तो बेकायदेशीरपणाचा वास या शब्दाला अजून आहे.

तरीही ‘यामि साइतो’ला डार्क वेब म्हणणे चूक ठरेल. डार्क वेबवर जायला टॉरसारखी, वापरणाऱ्याची ओळख लपवणारी खास प्रणाली लागते. बेकायदेशीर धंदे चालणारी ‘यामि साइतो’ मात्र बहुधा उघड्या इंटरनेटवरच असतात. ऑगस्ट २००७ मध्ये नागोया येथे एका तरुणीचे अपहरण करून तिचा खून करणाऱ्या तिघांची ओळख साध्या मोबाइलवर उघडणाऱ्या अशाच एका संकेतस्थळावर झाली होती, आणि ते प्रकरण तिकडे ‘यामि साइतो’च्याच नावाने ओळखले जाते. याउलट जानेवारी २०१८ मध्ये कॉइनचेक या विनिमय केंद्रातून सुमारे ५८ अब्ज येनचे आभासी चलन चोरीला गेले आणि त्यातले बरेचसे गुप्त जागी दुसऱ्या चलनात बदलले गेले, तेव्हा बातम्यांत शब्द होता ‘दाकु वेबु’. एका शब्दाने जागा कळते, दुसऱ्याने धंदा.

म्हणून अनुवाद करताना ‘दाकु वेबु’साठी मी ‘डार्क वेब’ हाच रुळलेला शब्द ठेवीन. ‘काळे जाल’ म्हटले की ‘काळा पैसा’, ‘काळा बाजार’ यांच्या ओळीत बसून त्यावर आधीच गुन्ह्याचा शिक्का पडतो. पण डार्क वेबवर सगळेच गुन्ह्याचे नसते; बीबीसीने २०१९ पासून आपल्या बातम्याही तिथे उपलब्ध केल्या आहेत. तो शिक्का ‘यामि साइतो’ला मात्र शोभतो, तेव्हा तिथे ‘काळ्या धंद्यांचे संकेतस्थळ’ असे खुशाल लिहावे.