घरटी एक पुडी

लग्नसराई तोंडावर आली की या सदराला येणारी पत्रं लग्नघरांची असतात. या वेळी बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली आहे : मांडवातून निघताना पाहुण्यांच्या हातात घरचं, कमी पैशांत होणारं काय द्यावं. ही पत्रं एकत्र घेते. पहिल्या उत्तराला जागा जास्त दिली आहे, कारण हिशेब एकदा नीट समजला की बाकीचं सोपं होतं.

प्रश्न : मुलीचं लग्न मेच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याच खळ्यात मांडव घालून आहे. जेवणाला पाचशे पान होईल. पाहुण्यांना आठवण म्हणून काही द्यावं असं मुलीच्या मनात आहे, पण त्यासाठी पाच हजारांच्या वर जाणं मला शक्य नाही. बाजारात प्लास्टिकच्या डब्या स्वस्त मिळतात, पण त्या द्यायला मन होत नाही. परसात रातांब्याची (कोकमाची) दोन झाडं आहेत, ती या वर्षी चांगली धरली आहेत. त्यांचं काही करता येईल का? — एक आई, कुडाळ तालुका

उत्तर : ताई, झाडं धरली आहेत म्हणजे अर्धं काम झालं आहे. पण आधी पाचशे हा आकडा मनातून काढा. पान माणशी वाढायचं असतं, भेट घरटी द्यायची असते. आपल्याकडे एकेका घरातून तीन-चार माणसं जेवायला येतात. प्रत्येकाच्या हातात पुडी दिली तर एका घरात चार पुड्या जातात आणि त्यांतल्या तीन फळीवर पडून राहतात. निमंत्रणाची वही घेऊन बसा आणि घरांवर खूण करत जा. पाचशे पानांची साधारण दीडशे ते पावणेदोनशे घरं भरतील. ऐन वेळी येणारे, वाढपी, मांडव घालणारे, वाजंत्री, भटजी धरून 200 पुड्या करा. पाच हजारांत पुडीला 25 रुपये आले. एवढ्यात छान होतं.

आता पुडीत काय? आमसुलं, म्हणजे रातांब्याची वाळवलेली सालं. मुंबईहून आलेल्या चाकरमान्याला त्याहून जास्त आनंदाचं काही नाही, आणि वाडीतल्या घरालाही ती लागतातच. 50 ग्रॅमची पुडी धरली तर 200 पुड्यांना 10 किलो सुकी आमसुलं लागतील. चार-पाच वेळच्या आमटी-सोलकढीची सोय एका पुडीत होते. तुमची कमी पडली तर शेजारणीकडून घ्या, आणि बाजारभाव देऊन घ्या.

लग्न तिसऱ्या आठवड्यात आहे, तेव्हा पहिले पिकलेले रातांबे हाती आले की लगेच लागा. मेच्या मध्यानंतर वळवाचा भरवसा नसतो आणि एका सरीत खळ्यातलं सगळं वाळवण भिजतं. रातांबे फोडून सालं वेगळी करायची, गरासकट बिया मीठ घालून ठेवायच्या. त्यांना रस सुटतो. सालं एक ऊन खाऊन आली की त्या रसात बुडवायची, पुन्हा उन्हात टाकायची. अशी रसाची पुटं चढवत जायचं. घाई करून दोन पुटांवर थांबलात तर आमसूल फिकट आणि पातळ राहतं. झालेलं आमसूल काळपट लाल दिसतं, दुमडलं तर न तुटता वाकतं, आणि दाबल्यावर बोट ओलं होत नाही. बोटाला रस लागला तर अजून ऊन हवं, पुडी बांधायची नाही.

हे एवढ्यासाठी सांगते की आमसुलात मीठ असतं, आणि किनाऱ्याच्या दमट हवेत मीठ पाणी ओढतं. नुसत्या कापडी पुडीत भरलेलं आमसूल दोन दिवसांत पाझरतं. पांढऱ्या कापडावर आलेला तो जांभळट लाल डाग काही केल्या जात नाही, आणि पाहुण्याच्या बॅगेतल्या साडीला लागला तर तुमची आठवण भलत्याच कारणाने राहील. म्हणून आत प्लास्टिकची छोटी पिशवी हवीच. ती बंद करायला यंत्र नको. पिशवीची कड करवतीच्या दोन जुन्या पात्यांमध्ये धरायची, वर प्लास्टिकची अगदी बारीक किनार ठेवायची, आणि ती मेणबत्तीच्या ज्योतीवरून एकदा सरळ फिरवायची. किनार वितळून जुळते. थांबलात तर भोक पडतं, म्हणून हात चालता हवा. चार-पाच रिकाम्या पिशव्यांवर हात बसवून घ्या.

बाहेरच्या पुडीला कोरं मांजरपाट आणा. जुन्या साड्यांच्या पुड्या करा असं पुष्कळ जणी सुचवतील. घरच्या वापराला मीही त्याच करते, पण लग्नाच्या कामात कापड कोरंच असावं असं मला मनापासून वाटतं. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही ते बरं वाटतं. कापड आधी भिजवून वाळवा, मांजरपाट आटतं. मग 9 इंच रुंद आणि साडेसहा इंच उंच असे तुकडे बेता. 36 इंच पन्ह्यात आडवे चार बसतात, मीटरभरात सहा ओळी, म्हणजे मीटरला 24 तुकडे. तुकडा मधोमध दुमडून बाजू आणि तळ शिवला, वर नाडीपुरती दुमड घातली की चार बाय पाच इंचांची पुडी तयार. 200 पुड्यांना साडेआठ मीटर लागतं, आटण्यासाठी थोडं जास्त धरून 9 मीटर घ्या.

शिवायला वाडीतली शिवणकाम करणारी एखादी बाई असेलच. आपलीच आहे म्हणून फुकट शिवून घेऊ नका. पुडीमागे 10 रुपये दिले तरी 2000 होतात. उरलेल्या 3000 मध्ये कापड, पिशव्या, नाडी आणि रंग बसायला हवेत. चार पैसे वाडीतल्याच एका घरात जातात, हे तुमच्या बजेटातलं मला सगळ्यात आवडलेलं कलम आहे.

सजावटीला मोती, टिकल्या, सॅटिनची फुलं काही नको. भेंडीचा देठाकडचा तुकडा आडवा कापून कापडाच्या रंगात बुडवला आणि उमटवला की पाच पाकळ्यांचं फूल उमटतं. वाडीतली मुलं एका दुपारी 200 पुड्या रंगवून देतील. पुडीला एक चिठ्ठी लावा : आत काय आहे, कोणत्या महिन्यात केलं, कोरड्या बरणीत ठेवावं, धातूच्या डब्यात ठेवू नये. चिठ्ठीच्या खाली वधूवरांची नावं लहान अक्षरात.

आणि बिया टाकू नका. धुऊन, खडखडीत वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या की वर तेल येतं. गार झालं की ते घट्ट होतं, त्याचे मुठीत गोळे वळतात. टाचांच्या भेगांवर यासारखं काही नाही. मात्र घरच्या पद्धतीने बियांच्या वजनाच्या चौथाईपेक्षा जास्त तेल निघत नाही, बहुधा कमीच. सगळ्यांना पुरणार नाही. व्याह्यांकडच्या बायकांपुरते आणि तुमच्या जवळच्या मैत्रिणींपुरते गोळे करा, केळीच्या पानात गुंडाळून द्या.

प्रश्न : आमचं लग्न जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे. घरचे नारळ भरपूर आहेत, म्हणून प्रत्येकाला दोन नारळाच्या वड्या देण्याचा विचार आहे. टिकतील ना? — नवरदेवाची बहीण, गुहागर

उत्तर : नाही टिकणार. ओल्या खोबऱ्याची वडी त्या हवेत दोन-तीन दिवसांत वास धरते, आणि तुम्हाला ती लग्नाच्या आदल्या दिवसांत करावी लागेल, जेव्हा घरात कुणालाच उसंत नसेल. आंबापोळीही जूनमध्ये चिघळते. वड्या पंगतीत वाढा, ताज्या खाऊ द्या.

हातात द्यायला मेतकूट करा. हरभऱ्याची डाळ दोन वाट्या, तांदूळ एक वाटी, उडीद डाळ अर्धी वाटी, गहू मूठभर, आणि धणे, जिरे, थोडी मोहरी, मेथीचे मोजके दाणे. सगळं वेगवेगळं मंद भाजायचं, कारण प्रत्येकाला वेळ वेगळा लागतो. पूर्ण गार झाल्यावरच हळद, हिंग, सुंठ घालून दळायचं, आणि दळून आलेलं पीठही पसरून गार करायचं. गरम पीठ पिशवीत भरलं की आत वाफ धरते आणि गुठळ्या होतात. मेमध्येच करून हवाबंद ठेवलंत तर लग्नाच्या आठवड्यात फक्त पुड्या भरायचं काम राहील. पावसाळ्यात गुरगुट्या भातावर घ्यायला यापेक्षा चांगलं काय!

तुमच्या भागात पोफळी (सुपारीची झाडं) आहेत, तेव्हा पडलेल्या विऱ्या, म्हणजे झावळीच्या देठाकडची रुंद आवरणं, गोळा करून ठेवा. विरी पाण्यात भिजली की मऊ होते, दुमडून नारळाच्या हिराच्या तुकड्याने टाचली की सुरेख द्रोण होतो. त्यात पुडी ठेवून द्या. द्रोण मेच्या उन्हातच कडक वाळवा, ओल राहिली तर काळी बुरशी येते.

प्रश्न : मुलाकडचे मुंबईचे आहेत. घरच्या वस्तू दिल्या तर ते कंजूसपणा समजतील अशी आमच्या ह्यांना भीती वाटते. काजूची पाकिटं द्यावीत म्हणतात, पण अख्ख्या काजूचा भाव परवडत नाही. — वाचक, मालवण

उत्तर : काजू द्यायचे तर पाकळी द्या. काजूचा भाव आकारावर ठरतो. 320 नंबर म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे गर बसतात, नंबर लहान तितका गर मोठा आणि महाग. फुटून दोन फाका झालेली पाकळी त्याच झाडाची, चवीला तीच, आणि भाव बराच खाली. पाकळी आणि आमसुलं अशा दोन छोट्या पिशव्या एका पुडीत घाला.

कंजूसपणाचं म्हणाल, तर ह्यांना सांगा की सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. मुंबईत ते दुकानातून विकत घ्यावं लागतं, तुम्ही स्वतः वाळवलेलं देत आहात. भेट हलकी वाटते ती देण्याच्या पद्धतीने. दाराशी टेबलावर ढीग लावून ‘घ्या एकेक’ असं करू नका. घरातल्या दोघी-तिघींनी पानसुपारीच्या तबकासोबत, हळदीकुंकू लावून, नाव घेऊन हातात द्यावं. माझ्या सासूबाई पुडी देताना ‘खाऊन सांगा हां, कसा झालां ता’ एवढं म्हणायच्या, आणि घेणारी बाई तिथेच पुडी हुंगून बघायची.

प्रश्न : प्रत्येकाला एक रोप दिलं तर? — वाचक, देवगड

उत्तर : मेमध्ये नको. रेल्वेत, एसटीत आठ-दहा तास रोप मांडीवर कोण धरणार? बरीचशी मांडवातच खुर्च्यांखाली राहतात. ज्यांना लावायला जागा आहे अशा गावातल्या घरांना पाऊस सुरू झाल्यावर नेऊन द्या.

प्रश्न : मार्चमध्ये बहिणीचं लग्न आहे. बायकांना सुरंगीच्या फुलांचे वळेसर (गजरे) द्यावेत असं वाटतं. आधी करून ठेवता येतील का? — वाचक, वेंगुर्ले

उत्तर : कल्पना फार सुंदर आहे, आणि मार्च हा सुरंगीचाच महिना. पण आधी करून ठेवू नका. कळी पहाटे काढतात आणि ऊन चढलं की ती फुलते, म्हणून वळेसर त्याच सकाळी ओवलेला हवा. आरवली, आसोलीकडच्या बायकांना पंधरा दिवस आधी सांगून ठेवा आणि थोडे पैसे आगाऊ द्या. झाडं उंच असतात, कळी काढणं जिवावरचं काम आहे, तेव्हा भावात घासाघीस करू नका. पैसे कमी असतील तर वळेसर आखूड मागा, बोटभर लांबीचाही अंबाड्यात खोवता येतो. सुरंगी सुकली तरी वास सोडत नाही, हे दूरच्या पाहुण्यांना ठाऊक नसतं. वळेसर देताना ‘फेकू नका, कपड्यांत ठेवा’ असं प्रत्येकीला सांगायला एक मुलगी नेमा.