खोली नको, आधी स्वतःला गरम कर
अरे थंडी वाजते म्हणून लगेच २००० वॉटचा हीटर घेऊ नकोस, तो खोलीभर हवा तापवत बसतो आणि दार उघडलं की सगळं गेलं. इलेक्ट्रिक ब्लँकेट साधारण १०० वॉटवर चालतं आणि ऊब थेट अंगाला. बसून काम असेल तर सुरुवात पायांपासून कर, टेबलाखाली हीटिंग मॅट आणि मांडीवरून खाली लोंबेल अशी जाड चादर, ऊब आत कोंडून राहते, मी तर बोटं आखडली की माऊस सोडून हातपण आत घालतो. ब्लँकेट चुरगळून चालू ठेवायचं नाही, आतली वायर खराब होते. गरम पाण्याची रबरी पिशवी वापरलीस तर तिला कव्हर हवंच, कारण सोसवेल एवढी ऊबसुद्धा तासन्‌तास एकाच जागी राहिली तर भाजतं, माझ्या पोटरीवर अजून डाग आहे. आणि हो, खोली फारच गार ठेवलीस तर भिंतींना ओल धरते, ते बघ.