सोफ्याचं नंतर बघा, आधी उंदीर मारायच्या वड्यांचं विचारा

गोव्यात फोंड्याला तळमजल्यावर भाड्यानं आलात, सोबत सात महिन्यांचं लॅब्राडोर, आणि सोफा व घरमालकाचे सागवानी दरवाजे कसे वाचवायचे असं विचारलंत. शेवटी जाता जाता लिहिलंत, 'पावसाआधी सोसायटी उंदरांचं औषध टाकणार आहे.' ते वाचून पोटात गोळाच आला. वायरी, चपला, फिनेल वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडतो.

आमच्याकडेही मे महिनाच होता. पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीची बेगमी, पोटमाळ्यावर चढली, सुक्या बांगड्यांच्या वासानं उंदीर आले. सोसायटीनं जिन्याखाली उंदरांच्या औषधाच्या निळ्या वड्या ठेवल्या; फलकावर सूचना नाही, काही नाही. आमच्या कुत्र्याच्या, चिकूच्या तोंडातून मी अर्धी वडी ओढून काढली आणि कचऱ्यात फेकली. चूक झाली ती इथे. तो तुकडा आणि वेष्टन जपायला हवं होतं.

सोसायटीच्या ऑफिसात विचारलं तर उत्तर, "हर्बल आहे, कुत्र्यांना काही होत नाही." चिकू तीन दिवस मजेत भात-मासे खात होता, म्हणून मीही निर्धास्त. चौथ्या दिवशी हिरड्या पांढऱ्याफटक आणि नाकातून रक्त. ब्रोमॅडिओलोनसारखं उंदरांचं औषध शरीराला रक्त गोठवायला लागणारं व्हिटॅमिन के वापरू देत नाही. रक्त गोठवणारे घटक आधीचे शिल्लक असतात तोवर वरून काहीच कळत नाही. आम्हाला हे नंतर समजलं.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न, कुठलं औषध? कारण झिंक फॉस्फाइड हे दुसरं उंदरांचं औषध असेल तर पोटात विषारी वायू तयार होतो, त्यावर उतारा नाही आणि वेळ तासांतच संपतो. ब्रोमॅडिओलोनला व्हिटॅमिन के१ चा उतारा आहे. मी ऑफिसला पाच फोन केले. कधी 'रजिस्टर सेक्रेटरीकडे आहे', कधी 'सेक्रेटरी गावाला गेलेत'. नाव शेवटपर्यंत मिळालं नाही. मेंटेनन्स दोन दिवस उशिरा भरला की मात्र यांचं रजिस्टर बरोबर सापडतं! असो. डॉक्टरांनी रक्ताच्या तपासणीवरून अंदाज बांधला, के१ सुरू केलं, चार आठवडे गोळ्या चालल्या. चिकू वाचला.

मी डॉक्टर नाही, अनुभव सांगतोय. सोसायटीला आजच लेखी विचारा: औषधाचं नाव काय, कुठे ठेवणार, कुलूपबंद डब्यात का? लेबलचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. काही खाल्लंच तर घरी मिठाचं पाणी पाजून ओकवू नका, लक्षणांची वाट न बघता थेट दवाखाना गाठा. आणि दुकानात 'व्हिटॅमिन के' म्हणून के३ हा दुसराच प्रकार हातात ठेवतील, ते इथे कामाचं नाही. घरात मी आता साधा पिंजराच लावतो. पुरुमेंत घट्ट झाकणाच्या डब्यांत.

चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधणार असाल तर खाली पडलेली फळं लगेच उचला, कवंडळासारखी काही खायची नसतात.

दरवाज्याला खालून दोन-अडीच फूट पारदर्शक अॅक्रिलिकची शीट दुहेरी टेपनं चिकटवा, पण आधी कोपऱ्यात लावून पाहा, जुनं पॉलिश टेपबरोबर निघून येतं. सोफ्यावर जुनी गोधडी टाका. आमचा सोफा अजून तिच्याखालीच आहे.