पानशेतच्या उथळ पाण्यात जेट चालेल, पण आधी बोटीचा तळ बघा

१४ फुटी अॅल्युमिनियम बोट, पंखा सारखा दगडांवर आपटतोय, म्हणून जेट आउटबोर्ड (पंख्याऐवजी पंपाने पाणी मागे फेकणारी, बोटीच्या मागे लावायची मोटर) लावायचंय आणि फक्त ट्रान्सम (मोटर जिथे टांगतात ती बोटीची मागची भिंत) उंच करून भागेल का, असं एकाने विचारलंय. नाही भागणार.

ट्रान्सम साधारण ५-६ इंच वाढवावा लागतोच, कारण जेटचा खालचा भाग आखूड असतो. खरी गोम तळाच्या मधल्या उभ्या कण्यात आहे. तो थेट मागच्या कडेपर्यंत आला असेल तर पाणी फाटतं, हवेचे बुडबुडे सरळ पंपात शिरतात. मग इंजिन बोंबलतं आणि बोट जागची हलत नाही. आम्ही हा कणा तसाच ठेवून एक रविवार वल्ही मारत घालवलाय. शेवटचे दोन-तीन फूट तो निमुळता करत तळाशी सपाट करा, कापलेली जागा आर्गन वेल्डिंगने बंद करा. भोसरीत हे काम करणारे मिळतात, मात्र पत्रा मरीन ग्रेडचाच, म्हणजे ५०५२ किंवा ५०८३, घ्या. वेल्डिंगआधी आतला फोम काढा, तो पेट घेतो.

मोटर बसवताना तळाला सरळ पट्टी लावून मागे न्या. पंपाच्या तोंडाची पुढची कड त्या पट्टीला टेकली पाहिजे. तिथून पाव-पाव इंच वर घेत पाण्यात चालवून बघा. हवा ओढायला लागली की एक पायरी खाली.

आणि हो, जेटमध्ये सुमारे ३० टक्के ताकद जाते. ४० हॉर्सपॉवरचे हातात २८च. जलपर्णीत तर अजिबात घालू नका, पंपाच्या तोंडावरची जाळी दोन मिनिटांत तुंबते. धरणात मोटरबोट उतरवायची परवानगी मात्र काम सुरू करण्याआधीच काढा.