खंदकातील जुनी पाटी अस्सल आहे, हे कसे ओळखावे?

पहिल्या महायुद्धातील, ‘पिकाडिली’ असे रंगवलेली एक लाकडी पाटी आपल्याला ऑनलाइन लिलावात दिसली. ती खरी असेल का आणि अशा पाट्या मुळात लावत तरी कशाला, असे आपण विचारले आहे.

पश्चिम आघाडीवरचे, म्हणजे फ्रान्स-बेल्जियममधले, खंदक, गोळा फुटला तर त्याचे तुकडे लांबवर जाऊ नयेत म्हणून, मुद्दाम वळणावळणाचे खणलेले असत. त्यामुळे रात्री बदलीवर येणारी तुकडी त्या चिखलात हमखास वाट चुके. ब्रिटिश सैनिकांनी खंदकांना लंडनच्या रस्त्यांची नावे देऊन पाट्या ठोकल्या, आणि पुढे ती नावे लष्करी नकाशांवरही छापली गेली. पाटीला लाकूड हाताशी असेल ते: बहुधा दारूगोळ्याच्या किंवा बिस्किटांच्या खोक्याची फळी.

म्हणूनच मी पाटी हाती आली की आधी उलटी करून पाहतो, कारण खोक्यावरच्या छापाचे पुसट अवशेष मागेच सापडतात. एका विक्रेत्याने मला मोठ्या अभिमानाने दाखवलेल्या पाटीला मागून अधिक चिन्हाच्या खाचेचे दोन स्क्रू होते. तसले स्क्रू बाजारात आले तेच १९३० च्या दशकात. शिवाय अक्षरांचा काळा रंग लाकडाच्या भेगांच्या आत उतरला होता, म्हणजे फळी आधी जुनी झाली आणि पाटी नंतर रंगवली गेली.

नाव जितके प्रसिद्ध, तितका माझा संशय अधिक. ‘पिकाडिली’ नावाचे खंदक अनेक ठिकाणी होते, त्यामुळे कोणत्या भागातील, हे कळल्याशिवाय ती पाटी नकाशावर ठेवताच येत नाही. याउलट बेल्जियममधल्या ईपर शहराजवळच्या ‘हेलफायर कॉर्नर’चे ठिकाण पक्के ठाऊक आहे: मेनिन रस्त्यावरचा तो चौक जर्मन तोफांच्या इतका नजरेत होता की रस्त्याकडेला कापडाचे आडपडदे लावावे लागत.

मला स्वतःला मोह पडेल तो ‘पोर्ट आर्थर’ या पाटीचा. फ्रान्समधल्या नव शापेल गावाजवळच्या एका चौकाला सैनिकांनी ते नाव दिले होते, आणि तिथेच १९२७ साली भारतीय सैनिकांचे स्मारक उभे राहिले. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी त्या गावासाठी झालेल्या लढाईत खडकीच्या सॅपर्सच्या (लष्करी अभियांत्रिकी दलाच्या) २० व्या आणि २१ व्या कंपनीची मोठी हानी झाली होती.

आपण विक्रेत्याकडून पाटीच्या मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो आणि ती कोणाच्या घरातून आली याची माहिती मागवा. फोटो देण्यास तो टाळाटाळ करू लागला, तर बोली लावू नका.