यशयाचं दर्शन वाचण्याआधी उज्जीयाची गोष्ट वाचा

ताई, महिलासभेत बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 6 व्या अध्यायावर मनन द्यायचं आहे, पण तो अध्याय वाचला की धीर येण्याऐवजी भीतीच वाटते, आणि ‘देव एवढा पवित्र तर आपण जवळ जायचं कसं’ असं कुणी विचारलं तर काय सांगू, हा तुमचा प्रश्न. त्याखाली एका भावांनी लिहिलंय की ही पवित्रता म्हणजे शेवटी आजीचं सोवळंच. दोघांना एकत्रच उत्तर देते. लांबेल, पण एवढ्या वर्षांत मंडळीतल्या बायकांबरोबर हा अध्याय इतक्यांदा वाचलाय की थोडक्यात सांगणं मला जमायचं नाही.

पहिल्या वचनावरून आपण फार घाईने पुढे जातो. ‘उज्जीया राजा मरण पावला त्या वर्षी’ हे तारीख म्हणून वाचतो आणि थेट यशयाला दर्शनात दिसलेल्या देवाच्या सिंहासनाकडे धावतो. माझं म्हणणं असं की हा राजा कोण आणि कशाने गेला हे ठाऊक नसेल, तर पुढचा धूर, ओठ, निखारा यांतलं काहीच नीट कळत नाही. म्हणून मनन तयार करताना आधी 2 इतिहास 26, म्हणजे ‘2 इतिहास’ या पुस्तकाचा 26 वा अध्याय, उघडा.

उज्जीया सोळाव्या वर्षी यहूदाच्या गादीवर आला आणि त्याने यरुशलेमेत 52 वर्षं राज्य केलं. म्हणजे इसवी सनपूर्व 740 च्या सुमारास तो गेला तेव्हा पन्नाशीच्या आतल्या माणसांनी दुसरा राजाच पाहिलेला नव्हता. आणि राजा साधासुधा नव्हता. पलिष्ट्यांच्या गथ, यब्ने, अश्दोद या शहरांचे तट त्याने पाडले. यरुशलेमेचे बुरूज बांधले, त्यांवर बाण आणि मोठे धोंडे फेकणारी यंत्रं बसवली. रानात पाण्याच्या टाक्या खोदल्या, गुरंढोरं राखली, शेतकरी आणि द्राक्षमळ्यांचे माळी ठेवले. शास्त्र मुद्दाम सांगतं की त्याला शेतीची आवड होती. हे वाक्य मला फार आवडतं. राजांच्या इतिहासात अशी ओळ क्वचित सापडते.

मग तो बलाढ्य झाला आणि त्याचं मन चढलं. धूप जाळायला तो स्वतःच मंदिरात शिरला. ते काम अहरोनाच्या वंशातल्या याजकांचं. अजऱ्या याजक आणि त्याच्यासोबतचे 80 याजक आडवे आले. धुपाटणं हातात असतानाच राजाचा संताप झाला आणि धूपवेदीजवळ, सगळ्यांच्या देखत, त्याच्या कपाळावर कोड उठलं. याजकांनी त्याला बाहेर काढलं, तो स्वतःही घाईने निघाला. मरेपर्यंत तो वेगळ्या घरात राहिला आणि परमेश्वराच्या मंदिराचं दार त्याला बंद झालं. कारभार मुलाने, योथामाने, पाहिला. पुरलं तेही राजांच्या दफनभूमीच्या शेतात, ‘हा कोडी आहे’ म्हणून. 1931 साली जैतुनाच्या डोंगरावरच्या एका रशियन मठाच्या संग्रहात अभ्यासक सुकेनिक यांना एक दगडी पाटी दिसली. तिच्यावर अरामी भाषेत कोरलंय की यहूदाचा राजा उज्जीया याच्या अस्थी इथे आणल्या आहेत, उघडू नये. पाटी राजाच्या काळातली नाही, कितीतरी शतकांनंतरची आहे. म्हणजे इतक्या पिढ्या गेल्या तरी त्याची हाडं हलवावी लागत होती आणि वर ‘उघडू नये’ लिहावं लागत होतं.

आता 2 इतिहास 26 मधलंच 22 वं वचन पाहा. उज्जीयाचा अथपासून इतिपर्यंतचा इतिहास कोणी लिहिला? आमोजाचा मुलगा यशया संदेष्टा याने. धुपाटणं हातात घेतलेला राजा आणि त्याच्या कपाळावरचं कोड, हे सगळं यशयाला नीट माहीत होतं. असा माणूस आता मंदिरातलं दर्शन सांगतो आहे.

तर सिंहासन. परमेश्वर उंचावर बसलेला आहे, पण यशया त्याचं वर्णन करतच नाही. चेहरा नाही, हात नाहीत, रंग नाही. त्याला दिसतो फक्त वस्त्राचा घोळ, आणि तेवढ्याने मंदिर भरून जातं. यहेज्केल हा दुसरा संदेष्टा खबार नदीकाठच्या दर्शनाचं वर्णन करतो तेव्हा चाकं, डोळे, पंख, स्फटिकासारखं अंतराळ असं कितीतरी लिहितो, आणि तरी दर थोड्या वेळाने ‘च्यासारखं’ म्हणून अडखळतो. यशया वस्त्राच्या काठाशीच थांबतो. शलमोनाचं मंदिर लहान नव्हतं: आत 60 हात लांब, 20 हात रुंद, 30 हात उंच. परमपवित्रस्थानातल्या, म्हणजे अगदी आतल्या खोलीतल्या, करूबांच्या (पंख असलेल्या स्वर्गीय प्राण्यांच्या) मूर्तींचे पंख या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचत. त्या सगळ्यात मावला तो फक्त घोळ. देवाचा महिमा किती, हे सांगायची यशयाची ही रीत मला मोठमोठ्या विशेषणांपेक्षा जास्त पटते.

सिंहासनापाशी सराफीम आहेत, म्हणजे देवाचे स्वर्गीय सेवक, सहा पंखांचे. दोन पंखांनी तोंड झाकतात, दोहोंनी पाय, दोहोंनी उडतात. इथे एक क्षण थांबा, कारण तुमच्या भीतीचा एक धागा इथे आहे. सराफीमांनी पाप केल्याचं कुठेच म्हटलेलं नाही. त्यांच्या ओठांना निखारा लावावा लागत नाही. तरी ते तोंड झाकतात. म्हणजे देवाची पवित्रता म्हणजे नुसतं ‘देवात दोष नाही’ एवढंच नव्हे. निष्पाप प्राण्यालाही त्याच्याकडे टक लावून पाहवत नाही, कारण तो निर्माता आहे आणि हे निर्मिलेले. तेव्हा यशया वाचताना तुमच्या पोटात गोळा येत असेल तर ते विश्वास कमी असल्याचं लक्षण समजू नका. जो अध्याय वाचून काहीच होत नाही, तो आपण वाचलाच नाही असं मी तरी म्हणेन.

त्यांचं गीत तीनदा ‘पवित्र’ म्हणतं. वसईतल्या कॅथलिकांच्या मराठी मिस्सेत, म्हणजे उपासनेत, ते गायलं जातं. कोकणातले बेने इस्राएली, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, सभास्थानातल्या उभ्याने करायच्या प्रार्थनेत ते म्हणतात, आणि यहुदी रिवाजाप्रमाणे प्रत्येक ‘पवित्र’ला टाचा उचलतात. त्रैक्याचा (एकाच देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) पुरावा म्हणून या तीनदा म्हणण्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, मी त्यात शिरत नाही. गीताचा दुसरा अर्धा मात्र लोक गाळतात: सारी पृथ्वी त्याच्या गौरवाने भरलेली आहे. पवित्रता गाभाऱ्यात कोंडून ठेवलेली नाही. उंबरठे हादरतात, मंदिर धुराने भरतं आणि गीत मात्र बाहेरच्या जमिनीबद्दल बोलतं.

मग यशया म्हणतो, हाय हाय, मी संपलो, मी अशुद्ध ओठांचा माणूस. ओठच का? बोलणं हे संदेष्ट्याचं काम म्हणून, असं सहसा सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण लेवीय या नियमांच्या पुस्तकातलं 13:45 पण काढून पाहा. कोड झालेल्याने वरचा ओठ झाकून ‘अशुद्ध, अशुद्ध’ असं ओरडायचं असतं. उज्जीयाच्या मरणाच्या वर्षी, मंदिरात, ओठ आणि अशुद्ध हे शब्द एकत्र ऐकताना यरुशलेमच्या माणसाला कोण आठवलं असेल? माझ्या वाचनात यशया मेलेल्या राजाच्या जागी स्वतःला उभं करतो आहे. आणि एकट्यालाच नाही, ‘अशुद्ध ओठांच्या लोकांत राहतो’ म्हणत सगळ्या प्रजेलाही. वर म्हणतो की माझ्या डोळ्यांनी राजाला, सेनाधीश परमेश्वराला पाहिलंय. यरुशलेमचा राजा गेलाय आणि ‘राजा’ हा शब्द तो आता दुसऱ्याच कुणासाठी वापरतो.

मागचा पाचवा अध्यायही चाळा. तिथे यशयाने सहा वेळा इतरांना ‘हाय हाय’ म्हटलंय: घराला घर आणि शेताला शेत जोडत गरिबाला जागा न ठेवणारे, पहाटेपासून दारूच्या मागे लागणारे, वाइटाला बरं म्हणणारे, लाच घेऊन दोषीला सोडणारे. सातवी हाय त्याच्या स्वतःच्या वाट्याला येते. त्याच अध्यायाचं 16 वं वचन सांगतं की पवित्र देव आपली पवित्रता नीतिमत्त्वाने दाखवतो. म्हणून सहावा अध्याय सुटा काढून त्यावर नुसतं संथ संगीत लावून डोळे मिटायला सांगणं मला पटत नाही. पहिल्याच अध्यायात हाच देव म्हणतो की तुमच्या सणांचा मला वीट आलाय, तुमचे हात रक्ताने भरलेत.

आता सोवळ्याचा मुद्दा. भाऊ, तुमचं निरीक्षण अर्धं बरोबर आहे आणि ते झटकून टाकू नये. लेवीयात शिवाशिवीचे नियम आहेत, आणि हाग्गय संदेष्टा याजकांना विचारतो तेव्हा उत्तरही ओळखीचं येतं: पवित्र मांस पदरात असलं आणि तो पदर भाकरीला लागला तर भाकरी पवित्र होत नाही, पण प्रेताला शिवलेला माणूस लागला तर भाकरी अशुद्ध होते. आजीनेही हेच सांगितलं असतं. आपल्या मंडळ्यांतल्या कितीतरी घरांत तर पणजोबांच्या सावलीचाही विटाळ मानला गेलेला आहे. त्या घरांना ‘देव पवित्र आहे’ हे वाक्य कसं ऐकू येत असेल, याचा विचार मनन देणाऱ्याने करायलाच हवा.

पण यशयात काय होतं पाहा. अशुद्ध कोण, हे वरच्या जातीने खालच्या जातीला सांगितलेलं नाही. संदेष्ट्याने आधी स्वतःला सांगितलंय, आणि देशातला सगळ्यात वरचा माणूस, राजा, कोडी म्हणून बाजूला बसून मेलाय. विटाळाच्या बाहेर इथे कुणीच उभं नाही. आणि शिवाशिवीची दिशा उलटते. एक सराफीम चिमट्याने वेदीवरचा निखारा उचलतो आणि तो यशयाच्या तोंडाला लावतो. निखारा विटाळत नाही, ओठ शुद्ध होतात. याला निर्गम 29:37 मध्ये आधार आहे: वेदीला जे शिवेल ते पवित्र होईल. हाग्गयाच्या नियमाला वेदी अपवाद आहे, आणि निखारा तिथलाच आहे.

उज्जीयाशी ताडून पाहा. तो स्वतःच्या हातात धुपाटणं घेऊन वेदीपाशी गेला आणि कोड घेऊन परतला. यशया जागचा हललाही नाही, हाय हाय म्हणत राहिला, आणि वेदीवरचा विस्तव त्याच्याकडे आला. ‘जवळ जायचं कसं’ या तुमच्या प्रश्नाला या अध्यायापुरतं उत्तर हेच: यशया गेला नाही. त्याने काही अर्पण केल्याचंही लिहिलेलं नाही. भीती खरी होती, तिला देवाने ‘घाबरू नको’ असंही म्हटलं नाही. अपराध दूर झाला, पापाचं प्रायश्चित्त झालं, एवढंच सांगितलं. निखारा तोंडाला भाजला असेल का, असं आमच्या एका वर्गात एका मुलीने विचारलं होतं. शास्त्र गप्प आहे, पण प्रश्न मला आवडला.

नवा करार हाताशी ठेवायचा असेल तर लूक 5 वाचा. मासे भरलेल्या होडीत शिष्य पेत्र येशूच्या पाया पडून म्हणतो, माझ्यापासून जा, मी पापी आहे. येशू जात नाही. आणि योहान 12:41 तर सरळ म्हणतो की यशयाने त्याचं, म्हणजे येशूचं, गौरव पाहिलं.

शेवटचं आणि व्यवहाराचं. मनन आठव्या वचनाशी, ‘हा मी आहे, मला पाठव’ इथे संपवू नका. जवळजवळ सगळे तिथेच संपवतात, कारण तिथे टाळ्या मिळतात. पण पुढे देव त्याला असा निरोप देतो की लोक ऐकतील आणि समजणार नाहीत. यशया विचारतो, प्रभो, कुठवर? उत्तर येतं, नगरं ओसाड पडेपर्यंत. दहावा हिस्सा उरला तरी तोही पुन्हा जळेल, तोडलेल्या झाडाचं खोड तेवढं राहील, आणि पवित्र बीज त्या खोडात. यशयाच्या हयातीतच अश्शूरने उत्तरेच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन घेतलं, इसवी सनपूर्व 701 साली अश्शूरचा राजा सन्हेरीब याचं सैन्य यहूदाच्या नगरांवर आलं. चारही शुभवर्तमानांनी या अध्यायातून घेतलंय ते ‘ऐकतील पण समजणार नाहीत’ हेच, आणि प्रेषितांची कृत्ये संपताना पौल रोममध्ये तेच वचन म्हणतो.

तुमच्या सभेत घरातलं कुणी ऐकत नाही म्हणून वर्षानुवर्षं प्रार्थना करणाऱ्या बायका असतीलच. त्यांच्यासाठी 9 ते 13 ही वचनं राखून ठेवा. वेळ कमी पडला तर सराफीमांचे पंख थोडक्यात घ्या, पण ‘कुठवर?’ हा प्रश्न गाळू नका. वाचायला कुणाला सांगणार असाल तर 2 इतिहास 26 एकीला आणि यशया 6 दुसरीला द्या, लागोपाठ. काही अडलं तर इथेच विचारा, शनिवारपर्यंत मी पाहते.