आधी गाडी बघून या

गेल्या महिन्यात फोंड्याहून एका आईचा मेसेज आला. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीत. शेजारच्या वाड्यावर कित्येक पावसाळे उभी असलेली एक जुनी जिप्सी त्याला विकत घेऊन दुरुस्त करायची आहे. ‘नाही म्हटलं तर अबोला, हो म्हटलं तर वर्ष वाया. हे खूळ डोक्यात शिरतं ते कशामुळे? काही मानसिक असेल का?’

अशी विचारणा माझ्याकडे अधूनमधून होतेच. जिप्सीच्या जागी कधी बुलेट असते, कधी येझदी. त्या आईंना एका ओळीत उत्तर देता आलं असतं, पण त्याआधी एक केस सांगते. कुटुंबानं लिहायची परवानगी दिली आहे. मुलाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

सोहम माझ्याकडे आला तो २०२३ च्या पावसाळ्यात. आला म्हणजे आणला. डिचोली तालुक्यातला, सोळा वर्षांचा, अकरावी सायन्सला. आई म्हणाली, “मॅडम, ह्याला भंगाराचं वेड लागलंय.” भंगार म्हणजे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. आमच्याकडे तिला अजून सगळे फियाटच म्हणतात. गावातल्या एका निवृत्त मास्तरांची होती, मास्तर वारले, गाडी काजूच्या बागेच्या कडेला तशीच राहिली. नंबर जीडीने सुरू होणारा, म्हणजे गोव्याच्या गाड्यांना जीए यायच्या आधीचा. मास्तरांच्या पत्नी पंचवीस हजारांत द्यायला तयार होत्या.

पहिल्या भेटीत मी चुकले, हे आधीच सांगून टाकते. अकरावी सायन्स, उतरलेले मार्क, अचानक एक वेड, हे तीन शब्द ऐकले की माझ्या, म्हणजे समुपदेशनाच्या, धंद्यातला माणूस ‘पळवाट’ हा चौथा शब्द आपसूक लिहितो. मी पाऊण तास त्याला अभ्यासाबद्दल विचारत बसले. तो पंख्याकडे बघून ‘हो’, ‘नाही’, ‘ठीक’ म्हणत राहिला. फियाटचं नावसुद्धा मी काढलं नाही. पोरगा ज्या गोष्टीसाठी आला, ती सोडून बाकी सगळं विचारलं.

दुसऱ्या भेटीत विचारलं, “गाडी सुरू झाली की पहिल्यांदा कुठे जाशील?”

तो गोंधळला. “तेवढा विचार नाही केला. आधी ब्रेक बघायला लागतील.”

मग वीस मिनिटं मी फक्त ऐकत होते. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आतले रबर कडक झालेले असणार. टाकीतलं पेट्रोल कधीचं सडलेलं, ते काढून टाकी धुवायची, कार्बोरेटर खोलायचा. इंजिन जाम आहे, पण सेल्फ मारून जबरदस्ती करायची नाही. प्लग काढून भोकांतून तेल सोडायचं, काही दिवस मुरू द्यायचं, मग पुलीला पाना लावून हातानं हळूहळू फिरवून बघायचं. गिअरचा दांडा स्टिअरिंगला आहे हे सांगताना त्यानं माझ्या टेबलावरचा पेपरवेट धरून गिअर टाकून दाखवले. हे सगळं तो अस्नोड्याच्या वाटेवरच्या एका गॅरेजात शिकला होता, कॉलेज सुटल्यावर तिथे बसून.

हा प्रश्न मी आता प्रत्येकाला विचारते. ज्याला गाडी मिरवायची असते, त्याचं उत्तर तयार असतं: कळंगुट, बागा, कॉलेजचं गेट. त्यातही वाईट काही नाही, सतरा वर्षांच्या मुलानं मिरवायचं नाही तर कुणी? पण त्याच्याशी बोलायचं ते वेगळं. सोहमच्या डोळ्यांसमोर रस्ता नव्हताच, बॉनेट होतं.

बाकीचंही तपासलं. झोप नीट, जेवण नीट, मित्र होते, कॉलेज बुडवत नव्हता. लग्नांत केटरिंगला वाढपी म्हणून जाऊन आणि चवथीला मखरांची लायटिंग लावून चौदा हजार दोनशे रुपये साठवले होते, आणि ते कुठे ठेवलेत हे आईला माहीत होतं. लपवाछपवी असती, पैशांचं खोटं असतं, किंवा गाडीशिवाय बाकी सगळ्यातून मन उडालेलं असतं, तर मी काळजी केली असती. तसं काही नव्हतं. आईंना सांगितलं, तर त्यांचा चेहरा उतरला. फी भरून आलेल्या माणसाला ‘काही झालेलं नाही’ हे उत्तर पटत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

मग घरात तीन महिने भांडण चाललं होतं ते कशावरून? मी आईंना विचारलं, गाडी आहे कशी? त्या म्हणाल्या, “मी कशाला बघायला जाऊ?” आणि वडील? त्यांनीही पाहिली नव्हती. घरापासून जेमतेम दीड किलोमीटरवर गाडी, आणि भांडणाऱ्या तिघांपैकी ती एकानंच बघितलेली!

तिसऱ्या भेटीला वडील आले. खुर्चीच्या टोकावर बसले आणि माझं बोलणं सुरू व्हायच्या आत मराठीतून कोकणीत जाऊन म्हणाले, “म्हज्या दारांत परतून लोखण नाका.” माझ्या दारात पुन्हा लोखंड नको.

‘परतून’ म्हणजे काय, ते हळूहळू कळलं. २०१० मध्ये त्यांनी कर्ज काढून खनिज वाहतुकीसाठी टिपर घेतला होता. डिचोली, सत्तरीत तेव्हा दर दुसऱ्या दारात ट्रक होता. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. आज सुरू होतील, उद्या होतील म्हणत टिपर अंगणात उभा. मध्ये थोडं काम निघालं, मग सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं मार्च २०१८ मध्ये पुन्हा सगळं थांबलं. हप्ते थांबले नाहीत. शेवटी टिपर किलोवर गेला. सोहम त्याच्या केबिनमध्ये बसून खेळायचा, हे वडिलांनी मला सांगितलं. पण टिपर का उभा होता, हे सोहमला कधी कुणी नीट सांगितलं नव्हतं.

मुलाच्या वेडाचं मूळ बापाच्या टिपरात आहे असा निष्कर्ष काढायचा मोह मला झाला होता. सोहमला विचारलं तर म्हणाला, “छे, टिपर डिझेलचा होता.” मी तो विषय तिथेच सोडला.

मी एवढंच सांगितलं: हो-नाही काही ठरवू नका. रविवारी दोघं जा, गाडी बघून या. टॉर्च आणि मोठा स्क्रूड्रायव्हर बरोबर न्या.

त्या रविवारचं वर्णन मी दोघांकडून वेगवेगळं ऐकलं. गुडघाभर गवत, चाकं रिमपर्यंत तांबड्या मातीत. डिकी उघडली तर रबराच्या फटीतून एक नानेटी, बिनविषारी साप, निघाली आणि सावकाश काजूखाली गेली. वडिलांनी पोतं अंथरलं, त्यावर आडवे झाले आणि ड्रायव्हरच्या दाराखालच्या पत्र्याला स्क्रूड्रायव्हर लावून नुसता दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. गंजाचे पापुद्रे त्यांच्या शर्टावर पडले. दुसऱ्या बाजूला जाऊन ठोकलं, तिथे टण्ण आवाज आला. परत ह्या बाजूला आले, मुलाचा हात धरून भोकाला लावला आणि म्हणाले, “हे तुझ्या हिशेबात आहे?”

नव्हतं. सोहमच्या वहीत इंजिन होतं, ब्रेक होते, बॅटरी, टायर, वायरिंग होतं. पत्रा नव्हता. वडील म्हणाले, “चासीला काय झालं नसेल तर पत्रा नंतर बघू,” तेव्हा मुलानं त्यांना सांगितलं की फियाटला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, बॉडी हाच तिचा सांगाडा. दाराखालचा पत्रा गेला की गाडीचं हाडच गेलं. बाप ट्रकवाला, ही गोष्ट त्याला नवीन होती. दोघंही एकेका बाबतीत चूक निघाले. ह्या रविवारनं जेवढं केलं तेवढं माझ्या तीन भेटींनी केलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात गॅरेजचा फिटर आणि एक डेंटर, म्हणजे पत्र्याचं काम करणारा, येऊन बघून गेले. सोहमचा पंचेचाळीस हजारांचा अंदाज एक लाख तीस हजारांवर गेला. डेंटरनं आणखी एक शहाणपणाची गोष्ट सांगितली: लांबी (पुट्टी) भरून रंग मारून मिळेल, चकचकीत दिसेल, पण दोन पावसाळ्यांत खालून परत फुटेल. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत कापून नवा पत्रा वेल्ड करण्याला पर्याय नाही, आणि टाकी उतरवल्याशिवाय वेल्डिंगची ठिणगीसुद्धा पडता कामा नये. फिटर म्हणाला, सामान घ्यायचं तर आत्ताच घ्या. कुर्ल्याचा कारखाना बंद होऊन वर्षं झालीत, आणि पुढे त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. टॅक्सींच्या जिवावर चालणारी सुट्या भागांची दुकानं किती दिवस राहणार?

आईला वाटलं, आकडा ऐकून पोरगा गप्प बसेल. तो दोन दिवस बसलाही. मग कागदांच्या मागे लागला, आणि तिथे खरा वेळ गेला.

गाडी मास्तरांच्या नावावर. मास्तर नाहीत. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानं नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते. निम्मी बाईंची, उरलेल्यात मुलांचा वाटा. म्हणजे बाईंनी एकटीनं पंचवीस हजार घेऊन किल्ली दिली, तरी गाडी विकली गेली असं होत नाही. एक मुलगा पुण्याला, मुलगी इंग्लंडात. दोघांच्या सह्या, मृत्यूचा दाखला, ३१ नंबरचा फॉर्म भरून आधी गाडी बाईंच्या नावावर, मग २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून सोहमच्या वडिलांच्या. अल्पवयीन मुलाशी केलेला करार कायद्यात टिकत नाही, त्यामुळे गाडी सोहमच्या नावावर घ्यायचा विचार सोडावा लागला. पंधरा वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशनचं नूतनीकरणही बाकी होतं. आठ महिने लागले. ह्या आठ महिन्यांत त्यानं वैतागून सोडून दिलं असतं तर तेही चाललं असतं. निदान पैसे गेले नसते.

वडिलांना मी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. अठरा वर्षं पूर्ण होऊन लायसन्स येईपर्यंत मुलानं ही गाडी रस्त्यावर आणायची नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं चालवताना गुन्हा केला तर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभरासाठी रद्द. वडील म्हणाले, “ते ठीक. मला दुसरी एक अट घालायची आहे.”

ती अट मला सुचली नसती. ते म्हणाले, “मी टिपर घेतला तेव्हा तो कधी विकायचा ह्याची तारीख ठरवली नव्हती. ह्याची आधी ठरवूया.” मग माझ्या टेबलावर एक पान लिहिलं गेलं. गाडी मांगराच्या (शेतघराच्या) छपराखाली राहणार, अंगणात नाही. जॅकवर उचललेल्या गाडीखाली, घोडी (लोखंडी टेकू) लावल्याशिवाय कुणी जायचं नाही. अर्धे पैसे सोहमचे. बाकीचे वडील उसने देणार, फुकट नाही. परीक्षेच्या आधी दोन महिने पान्याला हात नाही. आणि २०२५ च्या चवथीपर्यंत खालचा पत्रा पूर्ण झाला नाही, तर गाडी भंगारात, रडारड नाही. आईनं सही केली नाही. म्हणाली, “माझा विरोध लिहून ठेवा.” मी खाली तो लिहिला.

गाडी एप्रिल २०२४ मध्ये दारात आली. इंजिन तेलानं सुटलं नाही, हेड उतरवावं लागलं. पत्र्याचं काम चवथीच्या नऊ दिवस आधी संपलं, आणि त्याच आठवड्यात वीस वर्षांहून जुन्या मोटारींच्या नूतनीकरणाची फी पाचाची दहा हजार झाली. सोहमनं फोन करून मला त्याबद्दल तावातावानं ऐकवलं, जणू मीच वाढवली. ब्रेकचं काम अजून बाकी आहे, रंग तर दूरच. बारावीला त्याला एकसष्ट टक्के पडले आणि त्यानं आयटीआयला मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड घेतला. आईला इंजिनीअरिंग हवं होतं. फियाट नसती तर दहा टक्के जास्त पडले असते असं ती म्हणते, आणि तिचं म्हणणं मला पुरतं खोडता येत नाही.

तेव्हा फोंड्याच्या ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी इथून देऊ शकत नाही. तुमचा मुलगा सोहम नाही, आणि ती जिप्सी मी पाहिलेली नाही. तुम्हीही पाहिलेली नाही, असं तुमच्या मेसेजवरून वाटतं. येत्या रविवारी त्याच्याबरोबर जा. मालकाकडे आरसी बुक मागा आणि नाव कुणाचं आहे ते वाचा. जिप्सीला फियाटसारखं नसतं, तिला खाली वेगळी चासी असते, तेव्हा टॉर्च तिथे मारा. सकाळी लवकर जा, जुने कपडे घालून, आणि बॉनेट उघडायच्या आधी त्यावर दोनदा थाप मारा. आत काय बसलंय सांगता येत नाही.